एकशे बारा

कवडीच्या गळ्यात मी पांढऱ्या पाइपचं जू घातलं,
आतली हवा काढून घेतलेलं,
म्हणजे आत काहीच नाही; आणि ते काहीच नाही
नाकपुडीशी टेकलेल्या केसाएवढ्या नळीतून
चोवीस तास हळूहळू ओढत राहतं
ती जे सोडते ते.

चैतराम म्हणाला, नांगराचं नाही, बंडीचं नाही,
हे कशाचं जू आहे बाप्पा?
श्वासाचं, मी म्हटलं.
खरं तर ढेकरांचं. पण नोकरी नवी होती
आणि फॉर्मवर ढेकर हा शब्द नव्हता.

तेलंगखेडीच्या मागे आठ म्हशींचा गोठा.
मे महिना. पत्र्यावर ओली पोती,
घरातला एकुलता कूलर रेडकांकडे तोंड करून.
नागपुरी म्हैस: शिंगं खांद्यापर्यंत मागे गेलेली,
जू अडकवताना माझी बाही दोनदा फाटली.
एकशे नव्वद ग्रॅम, एकशे शहाऐंशी, एकशे त्र्याण्णव.
मग तुरीच्या कुटारात आम्ही जवसाची ढेप मिसळू लागलो,
आणि चौथ्या दिवशी
एकशे बारा.

यंत्राचा कागद मी उभ्यानेच वाचला, मग बसून.
सर दिल्लीला बैठकीत होते. किती? पुन्हा सांग,
म्हणाले, आणि फोन
दुसऱ्या कुणाच्या तरी कानाला लावला.
मी पावशेर पेढे घेऊन गोठ्यावर गेले.
दुधाच्या माणसाकडे पेढे!

चैतरामने हात पुढे केला नाही.
गॅस कमी झाला म्हन्ता मॅडम,
इथं जनावरच कमी होऊन राहिलं ना.
काल सांजेपासून रवंथ नाही करून राहिली.
मग शेजारचा खुंटा दाखवला.
दावं तसंच, गाठीसकट.
महापालिकेची नोटीस आली होती,
आठाच्या सहा करायच्या होत्या,
रविवारी पुतळी आणि एक भाकड गेली.
कवडी आणि पुतळी सहा वर्षं एका गव्हाणीत.

माझ्या फॉर्मवर वजन होतं, चारा होता,
दूध, तापमान, हवेतला दमटपणा.
शेजार नव्हता.
आकडा मी खोडला नाही. शेरा म्हणून लिहिलं,
जनावर उदास.
सरांनी ते नंतर भूक मंद असं केलं.

चैतरामने भुरीला पुतळीच्या खुंट्यावर आणलं.
दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही.
तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला
मी पोत्यावर बसले होते, डास मारत,
तेव्हा कवडीच्या मानेतून एक गोळा
खालून वर सरकला.
जबडा आडवा फिरला. थांबला. फिरला.
चैतराम जागाच होता, अंधारात मोजत होता.
बावन, म्हणाला. बावन डाव चावलं. बेस हाय आता.
गोठ्यात आंबूस वाफ पसरली,
आभाळाला जी नको होती, जिच्यासाठी मला पगार होता,
आणि मी पदराने डोळे पुसले,
डासांच्या धुराचं निमित्त करून.

खरा आकडा यायला जून उजाडला.
एकशे एकाहत्तर. दूध मात्र पावशेरानं जास्त.
सरांचा आवाज या वेळी सपाट होता.
चैतरामने विचारलं, किती वाचलं मंग?
एकोणीस ग्रॅम.
मंजे?
मी इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या बंडीच्या खिशातून
अडकित्ता डोकावत होता.
दोन सुपाऱ्या, म्हटलं, दोन सुपाऱ्यांएवढं.
त्यानं खरंच दोन काढल्या, तळहातावर हलवल्या.
रोजचं?
रोजचं. एका म्हशीचं.
तो सहा पाठींवरून नजर फिरवत गेला,
मग गवळीपुऱ्याच्या दिशेनं, मग आणखी पुढे,
ओठ हलत होते.
थोडकं नाही, म्हणाला,
आणि त्यातली एक फोडायला घेतली.